डिचोलीच्या छापखान्यातले पाच संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. ही तारीख खूप आधी जाहीर झाली होती, पण डिचोलीतल्या ज्या छापखान्याचं हे प्रकरण आहे, तिथे ती जुलैच्या पावसात पोचली. काउंटरच्या पडद्यावर सूचना आली. हिशेब सांभाळणाऱ्या वहिनींनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून दुकानात दोन तट पडले. संगणक पुरवणाऱ्याने पाचही यंत्रं बदलायला सांगून दोन लाखांवरचा अंदाज लिहून दिला. नुकताच पदविका झालेला पुतण्या म्हणाला, एक पैसा घालवू नका, सगळीकडे लिनक्स ही मोफत प्रणाली टाकतो. मालकांना आम्ही सगळे शेट म्हणतो. शेटना यातलं काहीच पटेना. त्यांनी मला बोलावलं, कारण डिचोली-साखळी भागातल्या लहान धंद्यांचे संगणक मी सांभाळतो.

प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण असं की असे छापखाने, टायपिंगची दुकानं, देवस्थानांची कार्यालयं गोव्यात गावोगाव आहेत आणि सगळ्यांपुढे हाच पेच आहे. शेटनी लिहायला आनंदाने परवानगी दिली, फक्त नावं नकोत म्हणाले.

माझं मत आधीच सांगतो. ‘दुकानाने प्रणाली बदलावी का?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण दुकान प्रणाली वापरत नाही. ती वापरतं एक माणूस, एका कामासाठी, एका यंत्रावर. प्रश्न तिथे जाऊन विचारावा लागतो. आणि मराठी मजकुराचं काम असेल, तर प्रणालीच्या आधी अक्षरं कशी साठवली आहेत ते बघावं लागतं. या दुकानात खरी गाठ तिथेच होती.

काम काय चालतं ते पाहू. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांची हस्तपत्रकं, देवस्थानांच्या स्मरणिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मजकूर बहुतेक मराठी, बराचसा देवनागरी कोकणी, अधूनमधून रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी. शिवाय दाराजवळच्या एका संगणकावर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं आणि पेनड्राइव्हवरून छापून देणं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि जत्रा सुरू झाल्या की शिगम्यापर्यंत (होळीपर्यंत) मान वर करायला फुरसत नसते. म्हणजे जो बदल करायचा तो चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यानंतर आणि तुळशीच्या लग्नाआधी. प्रणाली बदलायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या धंद्याची अशी मोकळी खिडकी आधी शोधावी. ऐन हंगामात यंत्र उघडून बसणं परवडत नाही.

आता १५ ऑक्टोबरला नेमकं काय होतं? दिसायला काहीच नाही. यंत्र सुरू होतं, छपाई होते. फक्त त्यापुढे जे नवे दोष उघड होतील ते बुजवले जात नाहीत, आणि चोरांना ते दोष माहीत असतात. शेटचं म्हणणं होतं, ‘विंडोज ७ पण असंच बंद झालं होतं, आपण नंतरही चालवलंच की.’ खरं आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि दुकानातलं एक यंत्र त्यावर पुढे तीन वर्षं चाललं. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने त्या प्रणालीसाठी नव्या आवृत्त्या बंद केल्या आणि हळूहळू संकेतस्थळं कुरकुरायला लागली. जुनी प्रणाली अशीच संपते. आधी दुरुस्त्या थांबतात, मग ब्राउझर मागे पडतो, मग बँक आणि कर भरण्याची कामं अडतात. पण जे यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही, त्याला यातलं फारसं काही लागू होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे निर्णय त्यावरच फिरला.

घरी एखादाच विंडोज १० चा संगणक असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वैयक्तिक वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची सोय दिली. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्जची प्रत त्यांच्याकडे ठेवली तर ती मोफत, नाहीतर १,००० रिवॉर्ड गुण किंवा ३० डॉलर. व्यावसायिक वापराची योजना वेगळी आहे. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. छापखान्यासाठी हा मार्ग मी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. जुन्या यंत्रावर वाढतं भाडं भरण्यापेक्षा तो पैसा नव्या यंत्रात घालावा.

मग एकेक यंत्र उघडलं.

पहिला धक्का सुखद होता. डिझाइनचा, कोरलड्रॉ चालवणारा संगणक नवव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. पुरवठादाराच्या कागदावर तोही ‘बाद’ यादीत, कारण मायक्रोसॉफ्टचं तपासणी साधन त्याला विंडोज ११ साठी अपात्र दाखवत होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, यूईएफआय या नव्या पद्धतीने यंत्र सुरू होणं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. या यंत्रात टीपीएम आधीपासूनच होता. तो कारखान्यातून बंद आला होता, आणि कोणी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू केला नव्हता. इंटेलच्या बोर्डांवर त्याला पीटीटी म्हणतात. तो चालू केला. डिस्क जुन्या एमबीआर मांडणीची होती, ती विंडोजमध्येच मिळणाऱ्या साधनाने नव्या जीपीटी मांडणीत बदलली. त्याआधी संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि यूपीएसची बॅटरी तपासली, कारण आपल्याकडे श्रावणात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि या कामाच्या मध्यात ती गेली तर डिस्क हातची जाते. मग बायोसमध्ये यूईएफआय निवडलं आणि तेच साधन पुन्हा चालवलं. यंत्र पात्र ठरलं. खर्च शून्य. नवा संगणक घेण्याचा सल्ला मिळालेल्या कोणीही आधी एवढं बघून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाकीचे चार मात्र खरोखर जुने. काउंटरचा सातव्या पिढीचा, दाराजवळचा आणि मजकूर लावणाऱ्या ताईंचा चौथ्या पिढीचे, आणि मागच्या खोलीतला, मुद्रितं (प्रूफं) तपासायला ठेवलेला, त्याहून जुना. पुतण्याने सुचवलं की अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं. येतं. पण अशा यंत्रांना दुरुस्त्या मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या कारणासाठी बदलायचं तेच कारण अधांतरी ठेवायचं, हे धंद्याच्या यंत्रावर मला मान्य नाही.

ताईंचं यंत्र हे या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून तिथे थांबतो. ताई वीस वर्षांहून जास्त काळ इथे मजकूर लावतात. त्यांचा संगणक पेजमेकर या पानं लावण्याच्या जुन्या प्रोग्रामवर चालतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची आहे आणि तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत, कळत नाही. त्यावर जुन्या पद्धतीचे मराठी फाँट, आणि ते फाँट चालावेत म्हणून मागे लावलेला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेली छोटी वस्तू. ज्यांच्याकडून ती फाँटची प्रणाली घेतली त्यांच्याकडून आता उत्तर येत नाही. डोंगल बिघडला तर नवा मिळण्याची आशा नाही.

या जुन्या फाँटांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाँट बदलला की ‘कार्यक्रम’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा गाळ दिसतो. त्यातही साठवण्याचा क्रम डोळ्याला दिसतो तसा असतो. ‘डिचोली’ लिहिताना पहिली नोंद वेलांटीची होते, मग ड. ‘पर्ये’ लिहिताना आधी प, य, मात्रा आणि शेवटी वरचा रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: ड नंतर वेलांटी, आणि पर्येतला अर्धा र हा य च्या आधी. म्हणून एका पद्धतीतून दुसरीत जाताना नुसते तुकडे बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार एक घर सरकतो, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तुटतो.

रोमी कोकणीचं दुखणं याच घरचं. त्यात ã आणि õ अशी चिन्हं लागतात, आणि जुना फाँट त्या जागांवरही देवनागरीचे तुकडे बसवून मोकळा झालेला असतो. एकाच पत्रिकेवर दोन्ही लिपी असल्या की ताई दर ओळीला फाँट बदलत बसायच्या आणि एखादं चिन्ह निसटायचंच.

ताईंच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहिलं, तेव्हा मला शेटच्या प्रश्नाचं खरं रूप दिसलं. गिऱ्हाईक लग्नाचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो मराठीत, युनिकोडमध्ये, नीट टाइप केलेला असतो. वहिनी तो छापून ताईंना देतात. ताई तो कागद समोर धरून सगळा पुन्हा टाइप करतात, कारण पेजमेकर तो मजकूर घेऊ शकत नाही. मग मुद्रित, मग दुरुस्त्या, आणि दुरुस्त्यांतल्या बऱ्याचशा चुका पुन्हा टाइप करताना झालेल्या असतात. गिऱ्हाइकाच्या मूळ मजकुरात आडनाव बरोबर होतं! स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या याद्यांचं तेच. दरवर्षी येणारी तीच नावं, आणि यादी आता ज्या एक्सेलमध्ये येते तिचा जुन्या फाइलशी काही संबंध लागत नाही. ही वेठ विंडोज ११ आणून सुटणार नव्हती आणि लिनक्स आणूनही नाही. ती सुटणार होती मजकूर युनिकोडमध्ये आणून.

शेट ऐकून घेत होते. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, माझा हात या बटनांवर बसलाय. हंगामात हळू झाले तर पत्रिका वेळेवर जाणार नाहीत.’ या बोलण्याला मी फार मान देतो. बदल सुचवणारे लोक नेहमी यंत्राची गती सांगतात, हाताची गती कोणी मोजत नाही. म्हणून ताईंच्या हाताला धक्का न लावता काय करता येतं, ते आधी शोधलं. टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या मांडण्या युनिकोडसाठीही आहेत, ज्यांत वेलांटी सवयीप्रमाणे आधी दाबली तरी आत साठवताना क्रम आपोआप बदलतो. काही जोडाक्षरं आणि विरामचिन्हं तेवढी इकडेतिकडे आहेत. ती एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याखाली चिकटवली.

लिनक्सची परीक्षा पुतण्याच्या हातून करवली. त्याने लिनक्सचा मिंट हा प्रकार निवडला, आणि ती निवड मला पसंत होती. मिंट २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. २ जीबी मेमरीवर ते चालू होतं, ४ जीबीवर नीट चालतं. डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच ते चालवून बघता येतं, म्हणून दाराजवळच्या यंत्रावर आधी तसंच चालवलं. अर्ज भरणं, स्कॅन करणं, पीडीएफ छापणं यांत अडचण आली नाही. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरून येणारे विंडोजचे विषाणू तिथे चालतच नाहीत. रोज दहा हात लागणाऱ्या यंत्रासाठी हा एकच गुण पुरेसा आहे.

अडचणी दुसरीकडे आल्या. एका लेझर प्रिंटरला लिनक्सचा चालक (ड्रायव्हर) नीट मिळेना, तो प्रिंटर शेवटी काउंटरला नेला आणि तिथला इकडे आणला. शाळेची प्रश्नपत्रिका वर्डमध्ये, विंडोजच्या मंगल फाँटमध्ये आलेली. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डच्या मोफत पर्यायात, उघडली तर मंगल मिंटवर नसल्याने दुसरा फाँट बसला आणि पानं सरकली. कॅलिब्रीसाठी कार्लिटो नावाचा, मापाला तंतोतंत जुळणारा पर्याय आहे, मंगलसाठी तसा नाही. त्यावर वहिनींनी व्यवहारी नियम केला: छापायला फाइल आणाल ती पीडीएफ आणा. लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी फाँट आणि भाषा वेगळ्या ठरवाव्या लागतात. तिथे भाषा मराठी निवडली की नोटोसारखा फाँट ल आणि श मराठी वळणाचे देतो, हिंदी निवडली तर ते हिंदी वळणाचे येतात. ताईंनी हे पहिल्याच मुद्रितात पकडलं. ‘हा ल आपला नाही,’ म्हणाल्या. अशी नजर असलेलं माणूस दुकानात आहे, हे शेटचं भाग्य.

टॅलीचा निकाल लगेच लागला. ते विंडोजसाठीच बनतं, आणि जीएसटीचा हिशेब त्यात आहे. लिनक्सवर ते कसंतरी चालवण्याचे उपाय आहेत, पण कराचं विवरण ज्यावर अवलंबून आहे तिथे ‘कसंतरी’ नको. धंदा शेटच्या एकट्याच्या नावावर असल्याने विवरणाला ओटीपी पुरतो, डिजिटल सहीचा टोकन लागत नाही, एवढी एक कटकट वाचली.

चवथीचे दिवस आटोपल्यावर शेटच्या टेबलाभोवती बसून निर्णय झाला. एकच नवा संगणक घ्यायचा, विंडोज ११ चा, आणि तो काउंटरला. डिझाइनचा संगणक आहे तोच विंडोज ११ वर न्यायचा. काउंटरचा सातव्या पिढीचा संगणक मिंट टाकून मागच्या खोलीत मुद्रितांसाठी, आणि तिथला सर्वांत म्हातारा मोडीत. दाराजवळच्याला एसएसडी (वेगवान डिस्क) आणि मिंट. ताईंचं यंत्र विंडोज १० वरच ठेवायचं, पण त्याची इंटरनेटची तार काढायची, वायफाय बंद करायचं, आणि त्याची फाइल बाहेर जाईल ती पीडीएफ होऊन, एका ठरलेल्या पेनड्राइव्हवरून. आत येणारा पेनड्राइव्ह आधी मिंटच्या यंत्रावर तपासायचा.

पुतण्या थोडा नाराज झाला. त्याला पाचही यंत्रांवर एकच प्रणाली हवी होती, आणि एकसारखेपणाचा त्याचा मुद्दा अगदी रास्त आहे, कारण तीन तऱ्हा सांभाळायला तिप्पट लक्ष लागतं. पण डोंगलवर अडकलेलं पेजमेकर लिनक्सवर भरवशाने चालणार नव्हतं. आभासी यंत्रात, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, जुनं विंडोज बसवून पाहिलं, तिथे डोंगल ओळखला गेला नाही. मी त्याला दुसरं काम दिलं, त्याच्या अंगातल्या हुशारीला शोभेल असं: जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारं कोष्टक आणि क्रम बदलणारा छोटा प्रोग्राम लिहिणं. त्याने तो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. जुन्या पेजमेकर फाइली लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्रायबस हे दोन्ही मोफत प्रोग्राम उघडतात. मांडणी विस्कटते, पण आतला मजकूर बाहेर काढता येतो, आणि आम्हाला तेवढाच हवा होता. पहिल्या फेरीत रफार आणि ऱ्य यांनी छळलं. ताई लाल पेनने खुणा करायच्या, पुतण्या कोष्टक सुधारायचा. हे दोघं असे एका बाकावर बसून काम करताना पाहणं मला फार आवडलं.

ऑक्टोबरच्या मध्याला चारही ‘जोडलेली’ यंत्रं दुरुस्त्या मिळणाऱ्या प्रणालींवर होती. पाच नव्या संगणकांच्या जागी एक संगणक, एक एसएसडी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या एवढा खर्च झाला. दाराजवळ येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना प्रणाली बदललेली कळलीही नाही, कारण त्यांना ब्राउझर आणि छपाईचं बटन एवढंच लागतं.

नवीन मजकुरासाठी नियम असा ठरला: जे काम नव्याने येईल ते युनिकोडमध्ये लावायचं, डिझाइनच्या यंत्रावर कोरलड्रॉमध्ये किंवा साधं असेल तर मिंटवर लिबरऑफिसमध्ये. ज्या पत्रिकेचा किंवा पावतीपुस्तकाचा जुना साचा आहे आणि फक्त तारीख बदलायची आहे, ती ताईंच्या यंत्रावर पूर्वीप्रमाणे. लग्नसराईत दुसऱ्या प्रकारची कामं पुष्कळ असतात, त्यामुळे हंगाम अडला नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आता वहिनी सरळ फाइलमध्ये उतरवून ठेवतात, आणि ताई त्यावर फक्त मांडणी आणि शुद्धलेखन बघतात.

स्मरणिकांचं रूपांतर अजून चालू आहे. आधी घेतल्या आहेत त्या देणगीदारांच्या याद्या, कारण त्या दरवर्षी पुन्हा लागतात. लेख आणि कविता नंतर. डोंगल जोवर शाबूत आहे तोवर प्रत्येक जुनी फाइल त्या यंत्रावर उघडून तिची पीडीएफही काढून ठेवायची, म्हणजे मूळ पान कसं होतं ते पडताळता येईल. ते काम ताईंनी स्वतःकडे घेतलं आहे, सर्वांत जुन्या वर्षापासून सुरुवात करून.